अंगणातील तीन मुदती

भोर तालुक्यात वरंधा घाटाच्या वाटेवर हिर्डोशीचे डोंगरखोरे आहे. येथे पाऊस फार व शेते उताराची. अशा ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबाने केवळ भातावर न विसंबता कोंबडी, गाय व फळझाड ही तिन्ही राखावी. कारण तिघांच्या मुदती निरनिराळ्या आहेत. अंड्यातून पिलू २१ दिवसांत निघते व देशी तलंग सुमारे सहा महिन्यांची झाली म्हणजे अंडी घालू लागते. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. आंब्याच्या कलमाचा मोहोर तर पहिली तीन वर्षे खुडूनच टाकावा, म्हणजे झाड बळ धरते. लेवीयाच्या १९ व्या अध्यायातही नव्या झाडाचे फळ तीन वर्षे वर्ज्य केले आहे.

तोवर अंड्यांवर मीठमिरची भागते व शेणखत कलमास मिळते. जो अडचणीत गाय विकतो तो खतही विकतो, व पुढे कलम खुरटते. म्हणून पावसापूर्वी खुराडे हातभर उंच करावे, पिलांस मानमोडीची लस द्यावी व गोठ्यात पाणी साचू देऊ नये. वाढविणारा देव आहे. राखण मात्र आपणांकडे सोपविली आहे.

घरी विचार करावा: आपल्या अंगणात उतावळेपणाने आपण कोणाची मुदत मोडीत आहो?