आपल्या टिपणांची आपली पुस्तिका

टिपणं ठेवण्याचं कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी त्यासोबत मदतीची पानं येतात. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं हे ती नीट सांगतात. पण ‘मीठ’ आणि ‘मिठागर’ यांच्या नोंदी एका नावाखाली ठेवायच्या की वेगळ्या, किंवा ‘बोरिवली’ लिहायचं की ‘बोरीवली’, हे त्यांत कुठेच सापडत नाही. ते आपलं आपण ठरवायचं असतं, आणि ठरवलं की लिहून ठेवायचं असतं.

मी मुलुंडला राहते. मुंबईच्या उपनगरांखाली जी साष्टी बेटावरची जुनी गावं दडली आहेत, त्यांच्याविषयी वाचणं, जुन्या रहिवाशांशी बोलणं आणि ते टिपून ठेवणं हे माझं आवडीचं काम. ही टिपणं मी ऑब्सिडियन या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. ती वाढत गेली तशी त्यांच्या वापराची एक पुस्तिकाही मी लिहीत गेले. त्यातून जे हाती आलं, ते मराठीत टिपणं ठेवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

१. पुस्तिका निर्णयांची असावी

शोध कुठून करायचा, नवं पान कसं उघडायचं, हे पुस्तिकेत उतरवण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की बटणं जागा बदलतात आणि ती पानं वाया जातात. निर्णय मात्र टिकतात. माझ्या पुस्तिकेतलं प्रत्येक कलम एका निर्णयाचं आहे आणि त्याखाली एका ओळीत कारण दिलेलं आहे. उदाहरणार्थ: ‘तोंडी ऐकलेली माहिती आणि छापील माहिती एका टिपणात घ्यायची नाही. कारण: पुढे लेख लिहिताना कोणत्या वाक्याला आधार कसला, हे कळलं पाहिजे.’ कारण लिहिलेलं असलं की नियम पाळावासा वाटतो. परिस्थिती बदलल्यावर तो विचारपूर्वक मोडताही येतो.

२. वाचक डोळ्यासमोर ठेवा

ही पुस्तिका रोज वापरणाऱ्यासाठी नसते. रोजच्या गोष्टी हाताला आपोआप येतात. घरातलं लग्न, आजारपण, गणपती-दिवाळी यांत काम बाजूला पडल्यावर परत येणारी व्यक्ती या पुस्तिकेची खरी वाचक. म्हणून पहिल्याच पानावर तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: नवी गोष्ट टिपायची कुठे, जुनी शोधायची कशी, आणि अर्धवट राहिलेलं काम कुठे आहे.

३. खणांना आपल्या व्यवहारातली नावं द्या

मराठी कार्यालयांत आवक-जावक नोंदवही असते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी आवकेत चढतो. माझा पहिला फोल्डर ‘आवक’ नावाचाच आहे. लोकलमध्ये घाटकोपर ते मुलुंड उभ्याने जाताना फोनवर जे काही टिपलं जातं, ते सगळं तिथे. त्या वेळी वर्गवारीचा विचार करायचा नाही, असा पुस्तिकेतला स्पष्ट नियम आहे, कारण गर्दीत वर्गवारी करायला बसलं की मूळ गोष्टच निसटते. आवकेचा निपटारा आठवड्यातून एकदा, घरी बसून. तिथून टिपणं ‘स्थळं’, ‘माणसं’ आणि ‘साधनं’ या तीन फोल्डरांत जातात. ज्यांचा लेखात उपयोग झाला, त्यांची यादी ‘जावक’मध्ये. एवढे फोल्डर मला पुरतात. त्याहून बारीक विभागणी केली की टिपण ठेवताना दर वेळी अडायला होतं.

४. प्रत्येक टिपणाचा साचा एक ठेवा

समर्थ रामदासांच्या दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, लेखनक्रियेचं निरूपण आहे. बोरू कसा घ्यावा, शाई कशी असावी, कोणती साधनं जवळ ठेवावीत, असा सगळा व्यवहार त्यात येतो. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच लेखणीतून उतरल्यासारखं दिसावं, असा त्यांचा आग्रह आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशाच्या प्रकल्पामागेही हीच शिस्त आहे. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी शब्दपत्रं तिथे तयार झाली. इतक्या हातांनी लिहिलेली पत्रं आजही उपयोगी पडतात, कारण शब्द, संदर्भ आणि ग्रंथ यांची मांडणी आधी ठरलेली होती.

माझ्या टिपणाच्या साच्यात पाच ओळी आहेत: स्थळ, साधन व पृष्ठ, साधनाचं वर्ष, त्या वेळचा जिल्हा, शोधशब्द. यातली चौथी ओळ उपनगरांसाठी फार मोलाची. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आजची बरीच उपनगरं साष्टी तालुक्याची गावं म्हणून येतात. मुंबई उपनगर जिल्हा पहिल्यांदा १९२० साली झाला. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली वाढली आणि १९५७ साली थेट दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. आजचा मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० पासूनचा. जुन्या कागदात ‘ठाणे जिल्हा’ दिसला तर तो कोणत्या काळातला, हे टिपतानाच लिहून ठेवलं की पुढचा सगळा अर्थ नीट लागतो.

५. एका गावाची सगळी नावं एका पानावर आणा

बोरिवली आणि बोरीवली ही दोन्ही लेखनं चालू आहेत. विलेपार्ले कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, आणि बोलताना नुसतं पार्ले. अंधेरीजवळच्या बौद्ध लेण्यांना कुणी महाकाली म्हणतं, कुणी कोंडिविटे. ऑब्सिडियनमध्ये एका टिपणाला अनेक पर्यायी नावं जोडता येतात. प्रत्येक स्थळाचं एकच मुख्य पान, आणि बाकीची नावं पर्यायी म्हणून त्यातच, असा माझा नियम आहे. मुख्य नाव कोणतं, याची यादी पुस्तिकेच्या शेवटी दिली आहे.

दुवे देताना मराठीची आणखी एक गरज पुढे येते. आपल्याकडे नाव क्वचितच जसंच्या तसं राहतं. ठाण्याला, पार्ल्यात, घाटकोपरच्या असं ते विभक्तीबरोबर बदलतं. त्यासाठी उभी रेघ वापरायची: [[पार्ले|पार्ल्यात]]. डावीकडे पानाचं नाव, उजवीकडे वाक्यात दिसणारं रूप. ही एक ओळ पुस्तिकेत आल्यापासून माझं लेखन मोकळं झालं. वाक्य मराठीच्या वळणाचं राहतं आणि दुवाही तुटत नाही.

६. शोध मराठीच्या व्याकरणाने करा

सगळ्यात जास्त पानं मी या कलमाला दिली आहेत. संगणक अक्षरं जुळवतो, अर्थ जुळवत नाही. ‘मीठ’ शोधलं तर ‘मिठाचा’ सापडत नाही आणि ‘मिठागर’ही नाही, कारण सामान्यरूपात आणि जोडशब्दात दीर्घ ‘मी’चा ऱ्हस्व ‘मि’ होतो. मुलुंड, भांडुप, कांजूर या पूर्वेकडच्या पट्ट्याचा इतिहास मिठागरांशिवाय सांगता येत नाही. तिथे हा एक ऱ्हस्व-दीर्घ अख्खं प्रकरण लपवू शकतो. ‘विहीर’चं ‘विहिरीत’ होतं, ‘तळं’चं ‘तळ्याकाठी’, ‘पाणी’चं ‘पाण्याचा’.

यावर दोन उपाय. पहिला, शब्दाचा न बदलणारा भाग शोधायचा: ‘पाणी’ऐवजी ‘पाण’, ‘तळं’ऐवजी ‘तळ’. अशाने नको ते शब्दही थोडे येतात, पण हवा तो सुटत नाही. दुसरा उपाय अधिक भरवशाचा: प्रत्येक टिपणाच्या तळाशी ‘शोधशब्द’ ही ओळ. मिठागराच्या टिपणात मी लिहिते: मीठ, मिठागर, आगर, सॉल्ट पॅन. विहार तलावाच्या टिपणात: तलाव, धरण, पाणीपुरवठा, १८६०. मूळ मजकुरात शब्द कोणत्याही रूपात असो, तळाच्या ओळीत तो मूळ रूपात भेटतो. टिपताना लागणारा हा एक मिनिट पुढे तासभराची शोधाशोध वाचवतो.

जुन्या पुस्तकांतल्या उताऱ्यांनाही हाच नियम लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या छपाईत ‘गांव’, ‘नांव’, ‘करणें’ असे अनुस्वार येतात. उतारा घेताना ते अनुस्वार मी तसेच ठेवते, कारण ते त्या काळाचं लेखन आहे. आजचं रूप शोधशब्दांत जातं.

७. दिसायला एक ते आतून दोन असू शकतं

‘किनाऱ्यावर’ हा शब्द गोराई-वर्सोव्याच्या टिपणांत सारखा येतो. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲप’मधलं आद्य अक्षरही तसंच. ते एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही येतं आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही बनतं. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबं पडली, तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही.

म्हणून संगणक आणि फोन या दोन्हींवर कोणता कळफलक वापरायचा, हे पुस्तिकेत नमूद असावं. माझा कळफलक इनस्क्रिप्ट, दोन्हीकडे. तारखेचा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. अंक देवनागरी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवायचं. दोन्ही मिसळले की यादीचे दोन तुकडे होतात. फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि अपूर्णविराम टाळायचा, कारण विंडोज ती चिन्हं फाइलच्या नावात घेत नाही. पत्राचा जावक क्रमांक नावात हवा असेल, तर तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून मगच संग्रहात घ्यायचा. तो फॉन्ट नसला तर अक्षरं वाचता येत नाहीत, आणि शोधात तर ती येतच नाहीत.

संगणकावरच्या देवनागरीचं किती तरी काम याच उपनगरांत झालं, याचा मला अभिमान वाटतो. विंडोजवरचा ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत होते. आता अक्षरं उत्तम दिसतात. ती एकसारखी टाइप करण्याची जबाबदारी आपली.

८. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतल्या तळमजल्यांवरच्या किती तरी घरांतल्या वह्या, दाखले, अल्बम त्या पाण्यात गेले. ते पाहिलेल्या माणसाला प्रतींचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. माझी एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी बोरिवलीला बहिणीकडे.

ऑब्सिडियनची टिपणं साध्या मजकुराच्या फाइली असतात. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मांडलेली मार्कडाउन ही सोपी पद्धत त्यांत वापरलेली असते. उद्या हे सॉफ्टवेअर नसलं, तरी त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. सॉफ्टवेअर निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहिलं, आणि पुस्तिकेत त्याचं कारणही लिहून ठेवलं. प्रत घेतली की काम झालं असं होत नाही, ती उघडून बघावी लागते. दसऱ्याला पाटीपूजन झालं की आम्ही बहिणीकडच्या प्रतीतली काही टिपणं उघडून वाचतो. सणाला बांधलेलं काम विसरलं जात नाही.

९. पुस्तिका दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा

माझ्या भाचीला मी पुस्तिका दिली आणि म्हटलं, यावरून तुळशी तलावाचं टिपण शोध आणि त्यात एक नवी नोंद घाल. मी शेजारी बसले, पण काहीही सुचवलं नाही. तिने थोड्या वेळाने विचारलं, “मावशी, ‘पक्कं टिपण’ असं तू सगळीकडे लिहिलंयस. पक्कं कधी म्हणायचं?” माझ्या मनात त्याचा अर्थ स्पष्ट होता, कागदावर तो आला नव्हता. आता तिथे लिहिलं आहे: ‘मूळ साधन स्वतः पाहिलं आणि पृष्ठ क्रमांक ताडून घेतला, की टिपण पक्कं.’ अशी प्रत्येक अडखळ म्हणजे पुस्तिकेला मिळालेली नवी ओळ.

या कामामागे आणखी एक विचार आहे. जुन्या गावठाणांतल्या ज्या माणसांनी मला वेळ देऊन विहिरींची, देवळांची, शेतांची माहिती सांगितली, ती माहिती माझ्याबरोबर संपू नये. माझ्यानंतर हा संग्रह उघडणाऱ्याला माझ्या डोक्यातले नियम कुठून कळणार? ते लिहिलेले असले, तरच तो संग्रह त्याचा होईल.

१०. एका पानापासून सुरुवात करा

आज तुमच्या टिपणांसाठी पाच वाक्यं लिहा. नवं टिपण कुठे जातं. त्याला नाव कसं द्यायचं. तारीख कशी लिहायची. शोधशब्द कुठे असतात. दुसरी प्रत कुणाकडे आहे. या पानाचं नाव ‘०० आधी हे वाचा’ असं ठेवा, म्हणजे ते यादीत सगळ्यांच्या वर राहील. पुढे एखाद्या ठिकाणी दुसऱ्यांदा अडलात की त्याचा निर्णय करून सहावं वाक्य लिहा. मराठीत टिपणं कशी ठेवावीत याचे नियम बाहेरचं कुणी आपल्याला तयार करून देणार नाही. ते मराठीत लिहिणाऱ्यांनीच, आपापल्या कामातून, एकेका वाक्याने घडवायचे आहेत.