कार्ल्याच्या स्तंभांवरील दाते

कार्ल्याचे चैत्यगृह आमच्या सभासदांना नवे नाही. मळवलीला उतरावे, पायऱ्या चढाव्यात, स्तूपाला वंदन करावे आणि परतावे, हा आपल्या सहलींचा ठरलेला क्रम. या खेपेस आम्ही शिलालेखांची वाचने सोबत नेली आणि एकेका स्तंभापाशी थांबलो.

लांबी सुमारे ३८ मीटर, स्तंभ ३७, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी फासळ्या. ही माहिती कोठेही मिळते. प्रश्न आहे तो हे काम कोणाच्या पैशाने झाले, हा. 'राजाश्रय' म्हणून आपण मोकळे होतो. राजघराण्याचे दान आहेही. नहपानाचा जावई उषवदात याने येथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. स्तंभांवर आणि दारावर मात्र निराळीच माणसे भेटतात.

दाराचे दान धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे. दार घडविणारा सामी हा तिथलाच सुतार. त्याचेही नाव कोरलेले आहे! लेखात त्याला 'वढकी' म्हटले आहे. विदर्भातला 'वाढई' तो हाच. एक वेदिका कोडी नावाच्या भिक्षुणीने दिली. ती घुणिकाची आई, अशी तिची ओळख दिली आहे. काही स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिले. एक स्तंभ धातूसह दिला तो सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे सुत्ते मुखोद्गत म्हणणाऱ्याने. आणि हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे अभिमानाने सांगणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा श्रेष्ठी.

आमचे आयुष्य बँकेत खातेवह्या लिहिण्यात चालले आहे, म्हणून असेल कदाचित, पण आम्हाला ही जमेची पानेच वाटली. नाव, गाव, धंदा, काय दिले. अत्तरवाला, सुतार, भिक्षुणी, परका यवन आणि श्रेष्ठी एकाच वास्तूत नोंदले आहेत. सुताराचे नाव दारावर कोरायला कोणाला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्हाला त्या भव्य कमानीपेक्षा मोठी वाटते.

विद्यार्थ्यांनी ब्राह्मीची सुरुवात येथूनच करावी. आधी द आणि न ही दोनच अक्षरे शिकावीत. सांचीच्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे पाहून जेम्स प्रिन्सेपने 'दानं' हा शब्द ओळखला आणि १८३७ साली ही लिपी उलगडली. कार्ल्यातही तो शब्द डोळ्यांनी शोधता येतो. स्तंभाला हात मात्र लावू नये, कागद दाबून ठसा घेऊ नये. वहीत पाहून उतरवावे.