विंडोज नव्याने टाकल्यावर ‘सक्रिय नाही’ असे का येते?

दुकानातील बिलांचा संगणक बिघडतो, मेकॅनिक हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो आणि पडद्यावर ‘विंडोज सक्रिय नाही’ अशी सूचना येते. अशा वेळी काही व्यापारी बंधू घाबरून नवा परवाना विकत घेतात. आमचे सांगणे एवढेच की, पैसे मोजण्यापूर्वी कारण पाहावे. विंडोज सक्रिय नसले तरी हिशेबाचे काम चालू राहते, म्हणून घाई नको.

विंडोज १० व ११ चा परवाना बहुधा डिजिटल असून तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड तोच व आवृत्ती तीच असेल, तर इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप सक्रिय होते. परवाना होमचा असून मेकॅनिकने प्रो टाकले असेल, तर पुन्हा होमच टाकावे लागते.

सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशन उघडून त्रुटीचा क्रमांक पाहावा. शेवटी ‘सी००८’ असेल, तर ती की दुसऱ्या संगणकावर वापरलेली आहे. ‘एफ२११’ असेल, तर संगणकाचा भाग बदलला आहे. परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असल्यास तेथील ट्रबलशूटमधून ‘हार्डवेअर अलीकडे बदलले’ हा पर्याय निवडावा. सुटा घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. संगणकासोबत आलेला सहसा नेता येत नाही.

म्हणून डिस्क पुसू देण्यापूर्वी तीन कामे करावीत: हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, परवाना खात्याशी जोडावा आणि आवृत्तीचे नाव वहीत लिहून ठेवावे.