साखरेचा आजार कोणत्या वयात होतो?

नागोठण्याजवळच्या एका गावातली गोष्ट. पावसाळा तोंडावर आला होता. राब भाजून झाले होते. बाप-लेक ओटीवर बसले होते. बाप ६२ वर्षांचा. त्याचा सारा जन्म भातशेतीत गेला. लेक ३४ वर्षांचा. तो कारखान्यात कामाला आहे. जाणे-येणे मोटारसायकलवर. काम बसून. मधल्या सुटीत वडापाव आणि गोड चहा.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांच्या हातात कागद आणि मोजपट्टी होती.

"काका, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर तपासायची आहे. उपकेंद्रावर या."

लेक हसला. म्हणाला, "बाबांना न्या, ताई. त्यांचं वय झालं. मला काय धाड भरलीय? हा म्हाताऱ्यांचा आजार. नाहीतर शेठ-सावकारांचा."

बाप म्हणाला, "ताई एवढ्या उन्हातून आल्यात. चल, दोघंही जाऊ."

उपकेंद्रावर दोघांच्या बोटातून रक्ताचा एकेक थेंब घेतला. बापाची साखर ठीक निघाली. लेकाची जास्त निघाली. नर्सबाई म्हणाल्या, "एका थेंबावर ठरवायचं नाही. सकाळी उपाशीपोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा."

तिथे उपाशीपोटी साखर १६२ भरली. पुन्हा तपासली, तरी जास्तच. डॉक्टरांनी सांगितले, "हा मधुमेह आहे."

"पण मला तर काहीच त्रास नाही!" लेक म्हणाला.

तुम्ही-आम्हीही असेच म्हणतो. म्हणून हा आजार नीट समजून घेऊ.

साखर रक्तात का तुंबते?

आपण भात खातो, भाकरी खातो. त्याची पोटात साखर होते. ती रक्तात येते आणि अंगभर फिरते. पण शरीराच्या कणाकणात शिरायला तिला इन्सुलिन लागते. हा रस पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो.

भाताच्या खाचरांकडे पाहा. वरच्या खाचरातले पाणी खाली यायला बांधाला तोंड पाडावे लागते. तोंड बुजले तर वर पाणी तुंबते आणि खालचे रोप सुकते. इन्सुलिन हे तोंड उघडते. ते कमी पडले, किंवा त्याचा जोर चालेनासा झाला, की साखर रक्तात तुंबते. अंग मात्र उपाशी राहते.

वय आणि आजार

वय वाढते तसे स्वादुपिंड थकते. हातापायांचे मांस झडते. चालणे कमी होते. म्हणून वयाबरोबर रोगी वाढतात. ही गोष्ट जुनीच आहे.

नवी गोष्ट वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर मोठी पाहणी केली. तीत दिसले, की २५ ते ३४ या वयातच रोग्यांची संख्या चढू लागते. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याकडे हा आजार सुमारे दहा वर्षे आधी गाठतो.

आजार लवकर आला तर नुकसान जास्त. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा हळूहळू खराब करते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. साठीत आजार झालेल्या माणसाला तो काही वर्षे सोसावा लागतो. चौतिशीत झाला, तर पुढची तीस-चाळीस वर्षे सोसावा लागतो. तीच तर कमावण्याची वर्षे. मुले लहान असतात.

खेड्यातही आणि बारीक माणसालाही

१९७० नंतरच्या काही वर्षांत देशात पाहणी झाली. तेव्हा खेड्यांत दर २०० मोठ्या माणसांमागे सुमारे ३ रोगी होते. २०११ साली महाराष्ट्राचे आकडे आले. आपल्या राज्यातल्या खेड्यांत दर २०० मागे १३ रोगी निघाले. २०२३ साली सगळ्या देशाचे आकडे आले. खेड्यांत २०० मागे सुमारे १८ रोगी होते. तपासण्याची रीत दर वेळी एकसारखी नव्हती. तरी आजार वाढतो आहे, हे उघड आहे.

"मी तर काटकुळा," असे म्हणून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी दिसली. पण त्यांच्या अंगात चरबी मात्र फारशी कमी नव्हती. अशी मुले मोठी होतात. हातपाय बारीक आणि पोट पुढे. पोटावरची चरबी साखरेला बोलावते. म्हणून आशाताई कंबर मोजतात. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर झाली, की सावध व्हावे. मुलीला आणि गरोदर बाईला पोटभर, सकस जेवण द्यावे. गरोदरपणी साखर तपासून घ्यावी.

काय करावे?

तिशी उलटली, की साखर तपासावी. त्रास होण्याची वाट पाहू नये. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पण एकाच तपासणीवर भिऊ नये, दुसऱ्यांदा तपासावे. १०० ते १२५ म्हणजे माणूस काठावर आहे. काठावरून मागे फिरता येते. रोज अर्धा तास झपाझप चालावे. ताटात भात कमी. डाळ, वाल आणि भाजी जास्त घ्यावी. चहातली साखर कमी करावी. तंबाखू-विडी सोडावी.

गोळी मनाने बंद करू नये. कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही.

पायांना जपावे. साखरेने पाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळली तर पाय कापावा लागतो.

यंदा लावणीला लेक चिखलात अनवाणी उतरला नाही. त्याने गमबूट घातले. शेजारी हसले. बाप त्यांना म्हणाला, "हसा खुशाल. पण आधी सांगा, तुम्ही साखर तपासलीत का?"

प्रश्न

१. बापाऐवजी लेकाची साखर जास्त निघाली. लेकाला नवल का वाटले?
२. इन्सुलिनचे काम खाचराच्या उदाहरणाने सांगा.
३. तरुणपणी झालेला मधुमेह जास्त घातक का?
४. तुमच्या घरात तिशीच्या पुढची माणसे किती? त्यांची नावे लिहा. कोणाची साखर तपासायची राहिली आहे?