समुद्रतळावरील पिकाची पाहणी

उभ्या पिकाचा अंदाज कापणीपूर्वी कसा करावा, हे शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. परंतु जे पीक पाण्याखाली असून दृष्टीस पडत नाही, त्याचा अंदाज कसा करितात, हे जाणणे बोधप्रद आहे.

ब्रिटन व आयर्लंड यांमधील समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. त्याच्या किनाऱ्यालगत वाळू व खडी यांच्या तळावर स्कॅलप नावाचा पंख्याच्या आकाराचा मोठा शिंपला राहतो. कोकणात तिसऱ्या खातात, तसे तिकडे याचे मांस खातात. ११० मिलिमीटरांहून लहान शिंपला धरण्यास तेथे कायद्याची मनाई आहे. आणि तितका वाढण्यास त्यास सुमारे चार-पाच वर्षे लागतात. यास्तव एका हंगामातील अति उचल पुढे कित्येक वर्षे भोवते.

पाहणीची रीत येणेप्रमाणे आहे. नकाशावर ठिकाणे नेमून दरवर्षी तेथेच नौका नेतात आणि दातेरी लोखंडी चौकटीस मागे जाळीची पिशवी जोडून ती तळावरून ओढतात. समजा, चौकटींची एकूण रुंदी ३ मीटर व ओढीचे अंतर १,००० मीटर आहे. तर क्षेत्र ३,००० चौरस मीटर झाले. त्यात ६० शिंपले निघाल्यास दर १०० चौरस मीटरांस २ पडतात. पुष्कळ शिंपले तळावरच राहून जातात. तथापि साधन व जागा तीच ठेविल्याने साठा वाढला की घटला, हे कळते. प्रत्येक शिंपल्याची लांबी मोजतात व शिंपीवरील वार्षिक वळ्यांवरून वय ठरवितात. मोठे पुष्कळ आणि लहान मुळीच नाहीत असे दिसल्यास पुढील हंगामाची चिंता करावी.

केवळ बाजारात येणाऱ्या मालावरून साठा का ठरवू नये? मच्छीमार दाट जागीच जातो. म्हणून साठा खालावला तरी त्याची पिशवी काही काळ भरतच राहते. पाहणी करणाऱ्यास मात्र विरळ जागीही जावे लागते.

या मोजणीचे फळ पाहा. त्या बेटालगत १९८९ साली एक लहानसे क्षेत्र मासेमारीस बंद करण्यात आले. २००३ साली तेथे धरण्याजोग्या शिंपल्यांची दाटी शेजारच्या खुल्या क्षेत्राच्या सातपटींहून अधिक भरली. रॅम्झी उपसागर २००९ साली बंद झाला. २०१३ साली त्याचा काही भाग उघडला, तो पाहणी करून, उचलीची मर्यादा ठरवून व मोजक्याच नौकांस पाठवून. मिळकत मात्र सर्व परवानेदारांत वाटली गेली.

आम्ही महसूल खात्यात कारकून असता एका गावाची पैसेवारी रस्त्यालगतच्या बांधावरून ठरली. रस्त्याकडील ज्वारी चांगली होती. नाल्यापलीकडील वाळून गेली होती, तिकडे कोणी गेले नाही. आकडा ५० पैशांच्या वर लागला आणि गाव सवलतीस मुकले. त्या कागदावर हस्ताक्षर आमचे होते.

तात्पर्य, पीक जमिनीवरील असो वा समुद्रातील, विरळ जागा मोजल्यावाचून आकडा लिहू नये. यंदा आपल्या गावी पीकपाहणीस कोणी आल्यास सभासदांनी त्यास नाल्यापलीकडे अवश्य न्यावे.