कोवळ्या वयातील मातृत्व : मोजदाद कशी करावी?

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी माता झालेल्या वा गरोदर असलेल्यांचे प्रमाण भारतात शेकडा ६.८, महाराष्ट्रात ७.६ व गुजरातेत ५.२ आढळले. हे वाचून सुरतकरांस समाधान वाटेल. परंतु राज्याची सरासरी मोहल्ल्याची स्थिती सांगत नाही. कोवळ्या वयातील बाळंतपणात रक्तक्षय, झटके आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका अधिक. म्हणून परिचारिका व औषधे कोठे पाठवावयाची, हे मोहल्लावार कळले पाहिजे.

रीत सोपी आहे. वर्षभरात या वयाच्या मातांना झालेल्या जन्मांची संख्या त्या वयाच्या एकूण मुलींच्या संख्येने भागावी व हजाराने गुणावे. मात्र येथे तीन अडचणी येतात.

पहिली, माहेरची. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. सुरतेत नांदणारी मुलगी पहिल्या बाळंतपणास धुळे वा नंदुरबारकडे जाते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते. सुरतेचा आकडा घटतो, तिकडचा फुगतो. म्हणून नोंदपत्रकातील मातेच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणावरून गणती करावी.

दुसरी, लहान संख्येची. समजा, एका वस्तीत २०० मुली व ४ जन्म, दुसरीत ५,००० मुली व १०० जन्म. दर दोन्हीकडे हजारी २० च. पण ढोबळमानाने जन्मसंख्येच्या वर्गमूळाइतका फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पहिलीत ४ मागे २, म्हणजे निम्मा; दुसरीत १०० मागे १०, म्हणजे दशांश. यास्तव लहान वस्तीचे तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करावेत. एका वर्षावरून तिला दोष देऊ नये.

तिसरी, भयाची. सन १९७८ पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ आहे. गुन्ह्याच्या धास्तीने वय वाढवून सांगितले जाते, किंवा मुलगी दवाखान्यातच येत नाही. जेथे भय अधिक, तेथे आकडा कमी दिसतो आणि मदतही कमी पोहोचते.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाताना फौजदाराच्या नव्हे, वडील बहिणीच्या नात्याने विचारपूस करावी. कोणाचे नाव चारचौघांत घेऊ नये. विश्वासाने मिळालेला आकडाच खरा, आणि त्यावर केलेली योजनाच त्या मुलीच्या दारापर्यंत पोहोचते.