वद्य दशमीचं पाणी

झिला, कर्लीच्या खाडीत रात्री पाहुण्यांना गरवायला न्यायचं तू ठरवलंस, हे मला मनापासून आवडलं. देवबाग-तारकर्लीला आलेल्या माणसाला नुसता किल्ला दाखवून परत पाठवण्यापेक्षा त्याच्या हातात गरी दिलेली बरी. पण आपण दोघांनी रात्री होडी काढणं वेगळं आणि जन्मात कधी होडीत न बसलेली चार-पाच माणसं अंधारात नेणं वेगळं. पाण्यावर गेल्यावर ठरवू म्हणशील तर ते चालणार नाही. जे ठरवायचं ते किनाऱ्यावरच ठरवायचं.

आधी तिथी बघ, मग बुकिंग घे. लोक शनिवार बघून फोन करतात आणि पाण्याला शनिवार कळत नाही, हे त्यांना सांगायला लाजू नकोस. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला चांगला जमतो. आपल्याकडे पाणी त्याच्या आधी भरतं, आणि खाडीत जसजसं आत जावं तसतसा उशीर होत जातो. म्हणून तोंडी हिशेब येऊ दे, पण पाहुण्यांना वेळ देताना भरतीचं कोष्टक उघडूनच दे.

मला विचारशील तर वद्य दशमी आणि एकादशी या रात्री पाहुण्यांसाठी राखून ठेव. भांगाचं पाणी सगळ्यांत मऊ असतं ते नेमकं अष्टमीला नव्हे, त्यानंतर एक-दोन दिवसांनी. तेव्हा ओढ कमी असते, हलकं शिसंही तळाला टिकतं, आणि नवख्या माणसाला आपली गरी कुठे आहे हे हाताला कळतं. भरती तिन्हीसांजेच्या सुमाराला पूर्ण होते, म्हणजे पाणी थांबायच्या आधीचा आणि उतरायला लागल्यानंतरचा, असे दोन्ही चांगले तास जेवणाच्या वेळेआधी मिळतात. चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. शुद्ध दशमीला पाणी जवळजवळ असंच असतं, पण वर चांदणं असतं, आणि चांदण्यात तांबोशी खडपातून बाहेर यायला कचरते असं माझं ठाम मत आहे.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाहुणे नेऊ नकोस. त्या पाण्यात मासा मिळतो, हे मलाही माहीत आहे. पण तेव्हा ओहोटी खाडीचं सगळं पाणी घेऊन मुखाकडे धावते, समोरून समुद्राची लाट येते, आणि दोन्ही भिडतात तिथे पाणी उभं राहतं. दिवसा ते पांढरं दिसतं. रात्री फक्त ऐकू येतं, आणि ऐकू आलं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. शिवाय हिवाळ्यात रात्री मतलई सुटते, ती जमिनीकडून समुद्राकडे वाहते. इंजिन बंद पडलं तर ओहोटी आणि वारा दोघेही तुला एकाच दिशेला, बाहेर नेतील. म्हणून नांगर टाकायचा तो मुखापासून चांगला आत, कांदळाच्या बाजूला, जिथे तळ तुला दिवसा पाठ झालाय. ज्या जागी तू उजेडात दहा वेळा गेला नाहीस तिथे रात्री कोणाला घेऊन जाऊ नकोस.

नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी सोड, आणि तो नेहमी नाळेलाच बांध. मागच्या बाजूला बांधलास तर ओढ लागल्यावर होडीची मागची कड पाण्याखाली दबते. नांगर धरला की नाही हे बघायला काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धर, उदाहरणार्थ एखादा माड आणि त्याच्यामागचा घराचा दिवा. रेषा फुटली की नांगर घसरला. नांगरलेल्या होडीवर सगळीकडून दिसेल असा एक पांढरा दिवा लावलेलाच हवा, कारण पहाटे बाहेर पडणारे ट्रॉलर तुला शोधत येत नसतात.

बाकी उजेड मात्र कमीत कमी ठेव. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कोणीतरी मोबाइलची बॅटरी तोंडावर मारली की ती सगळी फुकट जातात. कामाला लाल दिवा वापर, त्याने नजर मोडत नाही. आणि कोणी सांगेल की जनरेटर ठेव, मोठे एलईडी लाव, मासा आपोआप गोळा होईल. तर त्याला होडीत पाय ठेवू देऊ नकोस. दिव्यावरच्या मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तसल्या दिव्यांनी लहान-मोठा सगळाच मासा ओढला जातो आणि रापणकरांच्या वाट्याला रिकामी जाळी येते. आपल्या गावाने त्याविरुद्ध आवाज उठवलाय, हे विसरू नकोस.

माणसं बसवायची ती जागा नेमून. मासा लागला की सगळे एका कडेला धावतात, आणि लहान होडी उलटायला एवढं पुरतं. ज्याला मासा लागेल तोच हलेल, बाकीचे बसून राहतील, हे निघायच्या आधी दोनदा बजाव. लाइफ जॅकेट पट्टे बांधूनच. मांडीवर ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली, ती भरदिवसा. रात्री पाण्यात पडलेला माणूस दिसतच नाही, म्हणून प्रत्येक जॅकेटला शिटी बांध. प्यायलेल्या माणसाला नेऊ नकोस. पैसे परत दे, ओरडला तर ओरडू दे.

आता गरीचं. पाहुण्याच्या हातात तंगूस देताना पहिलं वाक्य हेच, की तंगूस बोटाला गुंडाळायचा नाही. तीन-चार किलोची तांबोशी गळ लागताक्षणी खडपाकडे धाव घेते आणि गुंडाळलेला तंगूस बोट कापत जातो. सुती हातमोजे दे किंवा निदान फडक्याची पट्टी. गळाची गाठ तू स्वतः मार आणि आवळण्याआधी थुंकीने ओली कर. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. नवख्यांना गोल वळलेला गळ दे. त्याचं टोक आत वळलेलं असतं, मासा तोंड फिरवून निघाला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. यात एकच पथ्य आहे, झटका द्यायचा नाही. सिनेमात बघितलेलं असतं म्हणून लोक जोरात हिसका देतात आणि गळ तोंडातून निसटून येतो. तंगूस ताणलेला ठेवून सावकाश ओढायला शिकव.

आमिषाला जिवंत सुंगटासारखं दुसरं काही नाही. डोक्यावर करवतीसारखी सोंड असते, तिच्या मुळाशी गळ आडवा घाल. कवचातून डोक्यात एक काळा ठिपका दिसतो, त्याला टोक लागलं तर सुंगट तिथेच मरतं. तो चुकवलास तर बराच वेळ पाण्यात पाय मारत राहतं आणि तांबोशी त्या हालचालीवरच येते. सुंगटं मिळाली नाहीत तर ताजा पेडवा तिरका कापून लाव. बर्फातला शिळा पेडवा लावलास तर शेंगटीच येत राहतील.

शेंगटीला पाहुण्याचा हात लागू देऊ नकोस. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. पाखटीच्या शेपटीचा त्याहून वाईट. होडीत थर्मासमध्ये गरम पाणी असू दे, चहाचा वेगळा. काटा लागला तर जखमेची जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची, वेदना उतरते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, चांगल्या हाताने बघ, दुखणाऱ्या हाताला ते कळत नाही. त्यानंतर डॉक्टरकडे न्यायचंच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. उथळात उतरवलंस तर पाय घासत चालायला सांग, म्हणजे वाळूत दडलेली पाखट आधीच पळते.

गळाला लांबडं काही आलं आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी दिसली तर तंगूस तिथेच कापून टाक. तो समुद्री साप. त्याच्या विषावर आपल्या दवाखान्यातली नेहमीची सापाची लस चालत नाही.

जिताडा लागला आणि तो अगदी मोठा असला तर पाहुण्याला फोटो काढू दे आणि मासा सोडून दे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे जवळजवळ सगळे अंड्यांवरचे. गोबऱ्याचं उलटं, आधी मादी, मग नर. वीतभर तांबोशीही सोडायची. ती खाडीत वाढते आणि मोठी झाली की बाहेरच्या खडपांवर जाऊन अंडी घालते. ओल्या हातांनी धर, अंगावरचा बुळबुळीतपणा पुसला गेला तर सोडलेला मासा जगत नाही. पैसे देऊन आलेल्या माणसाला मासा सोडायला सांगणं अवघड वाटेल. नीट समजावून सांग. तू सांगितलंस तर तो ऐकेल, आणि पुढच्या वर्षी पोराबाळांना घेऊन येईल.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या दिवसांत होडी वर ओढलेलीच असू दे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाहुण्यांचं बोलणंसुद्धा करू नकोस.

आणि एक. प्रत्येक वेळी निघताना किती माणसं आहेत, कुठल्या वळणावर नांगर टाकणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जा. सांगितलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघून मी फोन करीन. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही तुझ्या होडीच्या कडेवर आतल्या बाजूला रंगाने लिहून घे.